ब्लॅकबर्नला मॅच बघायला जातोय. पुण्याचं नाव काढू की नको?

बांदोडकर_नऊनंबर

नमस्कार मंडळी. विषय जरा येडपट आहे. हसा हवं तर, पण हसून झाल्यावर उत्तर द्या.

माझी ताई इंग्लंडात प्रेस्टनला नर्स आहे. तीन वर्षं बोलावतेय, शेवटी येत्या जानेवारीत पंधरा दिवसांसाठी जातोय. तिच्याकडून ब्लॅकबर्न ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत. आणि मी तिसरीत असल्यापासून ब्लॅकबर्न रोव्हर्सचा. अख्ख्या फोंडा तालुक्यात बहुतेक मी एकटाच.

हे खूळ मामामुळे. मामा तारवटी होता. १९९५ साली बोटीवरून उतरला तेव्हा कुठल्याशा बंदरात स्वस्तात मिळाला म्हणून एक फुटबॉलचा शर्ट घेऊन आला. अर्धा निळा, अर्धा पांढरा, जसा काही दोन शर्ट उभे कापून शिवलेत. मला तो गुडघ्यापर्यंत यायचा. सगळ्यांना वाटलं छातीवर क्लबचं नाव आहे. सहा महिने मी तोच घालून नागेशीच्या देवळात जात होतो. मग म्हापशाची मावशी आली, तिने ते इंग्रजी वाचलं आणि ओरडलीच, "अगो, हें बियरीचें नांव!" मॅकइवन्स लागर. तेव्हापासून आजीचा हुकूम: मैदानात सरळ, देवळात उलटा.

आता संध्याकाळी आम्ही पस्तिशी-चाळिशीतले आठ-दहा जण खेळतो. सगळे मँचेस्टर सिटी, लिव्हरपूल, आर्सेनलवाले. मला नाव पडलंय 'कोंबडी', कारण क्लबचे मालक पुण्याचे कोंबडीवाले वेंकीज. ब्लॅकबर्न हरलं की रात्री ग्रुपवर कोंबडीच्या शाकुतीचा फोटो येतो. जिंकलं की कोणी काही पाठवत नाही, कारण कोणाला कळतच नाही.

तर विचारायचं असं, की नेमकं बिघडलं कुठे, हे कोणी नीट सांगेल काय? मला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. आणि दुसरं, तिथे स्टँडमध्ये कोणी विचारलं, कुठून आलास, आणि मी इंडिया म्हटलं, की पुढचा प्रश्न पुण्याचाच येणार ना? मी दोन वर्षं चिंचवडला नोकरी केलीय, बायको हडपसरची. खोटं मला बोलता येत नाही, तोंडावर दिसतं. काय करू?

म्हापशेकर_युनायटेड

तोंड बंद ठेव आणि चिकन पाय (आत सारण भरलेली पेस्ट्री) खा. नाहीतरी एकदा लागलेल्या लॉटरीवर तीस वर्षं जगणारा क्लब तो. भावजींना सांग, त्या पैशात आमच्या मँचेस्टर युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड मैदान दाखवा.

डिचोलीचो_काका

आधी म्हापशेकराचं बघतो, मग तुझं.

बाबा, लॉटरी म्हणालास ना? १९९५ च्या आधी ब्लॅकबर्नने लीग दोनदा घेतलेली, १९१२ आणि १९१४ ला. एफए कप, म्हणजे इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा, सहा वेळा, त्यातले तीन लागोपाठ, १८८४, ८५ आणि ८६ ला. १८८८ मध्ये फुटबॉल लीग काढली ती बारा क्लबांनी, त्यांत ब्लॅकबर्न. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, तिथल्या पहिल्या बावीसांतही ब्लॅकबर्न. तुझ्या युनायटेडचं नाव त्या बारांत शोधून काढ, मी शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तुझी पिशवी धरून मागून चालेन.

आता बांदोडकर. मी खाणीच्या ऑफिसात टाइमकीपर. छत्तीस वर्षं ट्रकांच्या फेऱ्या लिहिल्या. आमचं खनिज बार्जमधून मुरगावला, तिथून जपानला, पुढे पुढे चीनला. म्हणून पेपरात जॅक वॉकरविषयी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो ओळखीचा वाटला. ब्लॅकबर्नचाच माणूस, बापाचा पत्र्याचा छोटा धंदा, तो भावाबरोबर वाढवला आणि १९८९ ला ब्रिटिश स्टीलला ३३ कोटी पौंडांना विकला. १९९१ मध्ये क्लब हातात घेतला. तेव्हा संघ दुसऱ्या विभागात रखडत होता. केनी डाल्ग्लिशला मॅनेजर आणला. लिव्हरपूलचं दैवत ते, अशा गावात येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. १९९२ ला वर चढले. साउथॅम्प्टनहून ॲलन शिअरर घेतला, तेव्हाच्या ब्रिटिश विक्रमी किमतीला. १९९४ ला नॉर्विचहून क्रिस सटन, ५० लाख पौंड. लोक म्हणाले, पैशाने विकत घेतलं. घेतलं तर घेतलं. इथे आमच्याकडे क्लब कशाने चालत होते, भजनाच्या वर्गणीने?

तुझा शर्ट त्याच वर्षाचा. शिअररचे लीगमध्ये ३४ गोल. १४ मे १९९५, शेवटचा दिवस, सामना लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर, म्हणजे डाल्ग्लिशच्याच जुन्या घरी. शिअररने गोल केला, मग त्यांच्या बार्न्सने बरोबरी केली आणि अगदी शेवटच्या क्षणी रेडनॅपची फ्री किक आत. हरले. पण तिकडे लंडनमध्ये वेस्ट हॅमने युनायटेडला १-१ वर रोखून धरलेलं. ८९ गुण ब्लॅकबर्न, ८८ युनायटेड. हरून विजेते झाले, आणि लिव्हरपूलचे प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. (म्हापशेकर, वाचतोयस ना?)

पुढचं भरभर सांगतो. १९९६ ला शिअरर न्यूकॅसलला गेला, दीड कोटी पौंड, तेव्हाची जगातली सर्वांत मोठी किंमत. १९९९ ला संघ खाली. २००० च्या ऑगस्टमध्ये वॉकर वारला, आणि त्याच हंगामात संघ परत वर चढला. तेवढं बघायला हवा होता बिचारा. २००२ ला टॉटनहॅमला हरवून लीग कप. मग बरीच वर्षं मधल्या फळीत, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

नोव्हेंबर २०१०. पुण्याच्या वेंकीजवाल्या राव कुटुंबाने क्लब घेतला २ कोटी ३० लाख पौंडांना, वर कर्ज वेगळं. तुला बिघडलं कुठे ते हवंय ना? माझ्या मते पहिल्याच महिन्यात. सॅम ॲलरडाइस मॅनेजर होता, संघ तेराव्या क्रमांकावर. खेळ रटाळ, मान्य, पण माणूस संघाला बुडू देत नसे. त्याला डिसेंबरात काढला आणि त्याच्या हाताखालच्या स्टीव्ह कीनला बसवला. तारू किनाऱ्यावर सुखरूप आणणारा तांडेल काढून नवशिक्याच्या हातात सुकाणू दिलं. वर ब्राझीलच्या रोनाल्डिन्होला आणायच्या गोष्टी! तो गेला तिकडच्याच फ्लामेंगो क्लबला. खेळाडूंचे एजंट मालकांच्या कानाशी लागले, असं तिथले लोक आजही म्हणतात. मालकांनी खेळाडूंना घेऊन चिकनची जाहिरात केली, ती तर तू पाहिलीच असशील. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्यालाही आणला, बालेवाडीला पुणे एफसीबरोबर मैत्रीची मॅच, ब्लॅकबर्न ३-० ने जिंकलं. त्या दोघांतला पुणे एफसी आज नाही.

मे २०१२ ला घरच्याच मैदानावर विगनकडून १-० ने हरून खाली गेले. त्या दिवशी प्रेक्षकांनी ब्लॅकबर्नच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. तुझं टोपणनाव तिथून आलेलं, तुझे मित्र काही फार हुशार नाहीत. पुढच्या हंगामात मॅनेजर असे बदलले की आमच्या खाणीवर ट्रकचे क्लीनरसुद्धा त्याहून जास्त टिकायचे. हेनिंग बर्ग, जो १९९५ च्या संघातला बचावपटू, तो ५७ दिवस. त्याच्यानंतरचा ॲपलटन ६७ दिवस. २०१७ ला तर तिसऱ्या विभागात घसरले, तेही शेवटची मॅच ब्रेंटफर्डला ३-१ ने जिंकून, नुसत्या गोलफरकाने. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या विभागात जाण्याची ती पहिलीच वेळ. टोनी मोब्रे नावाच्या शांत माणसाने एका वर्षात वर काढले. तेव्हापासून दुसऱ्या विभागात, दाराशी उभे पण आत नाही. २०२३ ला वर चढायच्या प्ले-ऑफची जागा परत गोलफरकानेच हुकली.

आता माझं मत. पुण्याच्या लोकांनी पैसा कमी घातला असं म्हणता येणार नाही. वर्षामागून वर्षं तोटा तेच भरतात. इकडे परकीय चलनाची चौकशी लागली तेव्हा २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी काढून पैसे धाडावे लागले. तिथल्या लोकांचा राग पैशाचा नाही, रिकाम्या खुर्चीचा आहे. मालक येतच नाहीत. आमच्या खाणीचा एक संघ होता, नाव सांगत नाही. मालक प्रत्येक फायनलला यायचा. छत्रीबित्री काही नाही, उन्हात पत्र्याच्या खुर्चीवर बसायचा. गोलकीपरच्या आईला मधुमेह आहे हे त्याला ठाऊक. लोक त्याला पाठीमागे शिव्या घालायचे, पण त्या तोंडओळखीच्या शिव्या. पुण्याला इथून शिव्या घालायच्या तर पोचणार कशा?

पुण्याचं नाव काढू की नको, त्यावर नंतर लिहितो. आरतीची वेळ झाली.

साखळीची_शमा

काका, सगळं वाचलं, छान लिहिलंय. पण एक विचारते, राग धरू नका. तुमचा तो पत्र्याच्या खुर्चीवरचा मालक, त्याचा संघ आज कुठे आहे?

२००७ पासून २०१३ पर्यंत आय-लीगच्या, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वांत वरच्या लीगच्या, सहाच्या सहा ट्रॉफ्या गोव्यात आल्या. धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. मी कॉलेजात होते, दुपारचं लेक्चर बुडवून फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जायचो. आणि २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग, धेंपो तिघेही राष्ट्रीय लीगमधून बाहेर. कारणं होती, फुटबॉल फेडरेशनने आय-लीगला नव्या इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) खाली ढकलायचं ठरवलेलं, मालकांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण आम्हाला कोणी विचारलं? धेंपो परत आय-लीगमध्ये दिसायला २०२४ उजाडावं लागलं. दहा वर्षांची पोरं तोवर गोऱ्या क्लबांचे शर्ट घालून मोठी झाली.

पुण्याचे मालक मैदानावर येत नाहीत, पण पंधरा वर्षांत त्यांनी कुलूप लावलेलं नाही. दर शनिवारी संघ खेळतोय. मला न येणारा मालक चालेल.

डिचोलीचो_काका

शमा, राग कसला. काल रात्रभर डोक्यात तेच होतं.

आमचा संघ २०१२ ला खाणी बंद झाल्या आणि एका पावसाळ्यात संपला. स्टोअरमधल्या सामानाची यादी करून सही मीच दिली. बूट बावीस जोड, बॉल नऊ, पैकी पाच फुटलेले. जाळी कुबटलेली. मालक त्या दिवशी आला नव्हता. हे मी वर लिहिलं नाही, कारण लिहावंसं वाटलं नाही. आता लिहिलं.

ब्लॅकबर्नलाही हे माहीत आहे म्हणा. त्या गावात आणखी एक क्लब होता, ब्लॅकबर्न ऑलिंपिक. १८८३ ला त्यांनी ओल्ड इटोनियन्सला, म्हणजे इंग्लंडातल्या सर्वांत बड्या शाळेच्या साहेबांना हरवून एफए कप आणला. संघात गिरणीकामगार, एक प्लंबर वगैरे. कामगारांच्या संघाने तो कप पहिल्यांदाच जिंकला. आणि सहा वर्षांत, १८८९ ला, पैशाअभावी बंद. कप आणलेला क्लब! रोव्हर्स टिकला, ऑलिंपिक गेला.

बांदोडकर, आता तुझं. पुण्याचं नाव खुशाल काढ. ब्लॅकबर्नवाल्यांचं आणि आपलं वाकडं काही कोंबडीपासून सुरू झालेलं नाही. ते गाव कापडगिरण्यांचं. आपण परदेशी कापडावर बहिष्कार घातला तेव्हा तिथले माग बंद पडले. शेजारी डार्वेन म्हणून गाव आहे, मैदानाच्या एका स्टँडला त्याचंच नाव. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी तिथे जाऊन राहिले होते, ज्यांच्या पोटावर पाय आला त्यांनाच भेटायला. आणि त्या बेकार गिरणीकामगारांनी, बायाबापड्यांनी त्यांचं हसतमुखाने स्वागत केलं. तू तर नुसता चिंचवडला नोकरीला होतास.

वास्कोची_सध्या_मँचेस्टर

काकांनी इतिहास सांगितला, मी भूगोल सांगते. मी इथे नऊ वर्षं आहे, नवरा बोल्टनचा, ईवुड पार्कला, म्हणजे ब्लॅकबर्नच्या मैदानावर, चार-पाचदा जाणं झालंय.

प्रेस्टनहून ब्लॅकबर्नच्या अगदी आधीचं स्टेशन मिल हिल. तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत, हळू गाडी बघून घे. उतरून पंधरा-वीस मिनिटं चालायचं, निळे-पांढरे मफलर जातील त्यांच्या मागून जा, विचारायची गरज नाही. तिकीट आधी ऑनलाइन काढ, पण रांगेची भीती नको. मैदान ३१ हजारांचं आणि एरवी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. डार्वेन एंडचं तिकीट चुकूनही काढू नकोस, तिथे पाहुणा संघ बसतो. ब्लॅकबर्न एंडला आरडाओरडा जास्त. जॅक वॉकर स्टँड ऐसपैस. रिव्हरसाइड जुना आणि बुटका, डार्वेन नदीच्या बाजूला, वारा हाडं फोडतो. पण काकांना आवडेल अशी गोष्ट आहे: त्या स्टँडचं पोलादी सामान वॉकरने क्लबचा मालक व्हायच्या आधीच, १९८७ च्या सुमारास, फुकट दिलं होतं. पूर्वी नावही वॉकरस्टील स्टँड होतं.

शनिवारी तीनची मॅच घे. त्या वेळेच्या मॅच इथे टीव्हीवर दाखवत नाहीत, लोक मैदानावर यावेत म्हणून जुना नियम आहे. जानेवारीत चारपर्यंत अंधारून येतं, दिवे लागतात, गवत एकदम हिरवंगार दिसतं. थंडी मात्र गोंयकाराला सोसणारी नाही. आतून दोन थर घाल, आणि पायमोजे दोन जोड. मी पहिल्यांदा एकच जोड घातला आणि दुसऱ्या हाफभर फक्त स्वतःच्या बोटांचा विचार केला.

राहिला प्रश्न ओळखीचा. तू काही तिथे पहिला हिंदुस्तानी नाहीस. ब्लॅकबर्नमध्ये भरूच-सुरतकडचे गुजराती लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मला मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, कुठची? मी म्हटलं गोवा. तर तो पुण्याबिण्याकडे वळलाच नाही. कळंगुटला कुठल्या हॉटेलात उतरला होता आणि भात किती तिखट होता हेच अर्धा तास. मॅच राहिली बाजूला. मालकांवरून लोक आपापसात बोलतात, कधी निषेधही करतात, पण तो तुझ्यावर नसतो. उलट सांग त्यांना १९९५ च्या शर्टाचं. आणि ॲडम व्हार्टनचं नाव घे. ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, लहानपणापासून याच अकादमीत वाढलेला. २०२४ च्या फेब्रुवारीत क्रिस्टल पॅलेसने नेला आणि चार महिन्यांत इंग्लंडच्या युरो कपच्या संघात. त्याच्याविषयी बोलताना ही माणसं सावंतवाडीच्या मामीने मुंबईतल्या भाच्याविषयी बोलावं तशी बोलतात.

म्हापशेकर_युनायटेड

१८८८ ची यादी बघितली. शुक्रवारी पिशवी मीच धरतो काका. पण ते ३१ वर्षांपूर्वीचं वेस्ट हॅम काढायची गरज नव्हती, आमच्या अँडी कोलने त्या दिवशी काय काय घालवलं ते आठवून अजून जेवण जात नाही. २००२ चा तुमचा लीग कप त्यानेच गोल मारून दिला हे वर आणखी.

बांदोडकर_नऊनंबर

सगळ्यांचे उपकार. ताईला धागा पाठवला, तिने रात्रपाळीत वाचला आणि सकाळी तिकिटं काढली. रिव्हरसाइडची. मी, ताई आणि भावजी. भावजी प्रेस्टन नॉर्थ एंडचे, ते म्हणतात मी मफलर घालणार नाही, टाळी वाजवणार नाही, फक्त चिकन पाय खायला येतो.

शर्ट आईने पेटीतून काढून दिला. काखेत उसवलाय आणि अर्थातच आता मला बेंबीपर्यंत येतो. जाकिटाच्या आत घालीन. आजी नाही आता, पण आईने सामान भरताना विचारलंच, "सरळ घालतलो मरे?"

काका, तुम्हाला मफलर आणू की टोपी?

डिचोलीचो_काका

डिचोलीत मफलर घालून मी कुठे जाऊ? काही आणू नको. रिव्हरसाइडला बसशील तेव्हा एकदा खांबाला हात लावून बघ. गंज कितपत धरलाय तेवढं कळव.